चिऱ्याच्या जुन्या घरात मागील खोलीपर्यंत वाय-फाय कसे पोहोचवावे?

परसदार (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर राजापूर तालुक्यातील एका वाडीत आहे. आजोबांनी बांधलेले हे घर जांभ्या चिऱ्याचे आणि कौलारू असून पुढची पडवी, ओटी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि शेवटी मागील पडवीला लागून एक लहान खोली अशी त्याची मांडणी आहे. पुढच्या पायरीपासून मागील दारापर्यंत साधारण ५५ फूट अंतर भरते आणि बाहेरच्या तसेच मधल्या भिंतींची जाडी दीड फूट आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही फायबरची जोडणी घेतली. जोडणी करून देणाऱ्या माणसाने तार जिथून आत आली तिथेच, म्हणजे ओटीच्या कोपऱ्यात विजेच्या मीटरशेजारी, राउटरची पेटी ठोकून दिली. तिच्या बाजूलाच आमचे लोखंडी कपाट आहे. ओटीवर इंटरनेट उत्तम चालते, माजघरात बरे चालते, स्वयंपाकघरात अडखळते आणि मागील खोलीत जवळजवळ चालतच नाही.

माझी मुलगी पुण्यातील एका कंपनीत नोकरी करते. माझ्या आईची तब्येत बरी नसल्यामुळे पुढील सहा महिने येथे राहून काम करण्याची परवानगी तिने मिळवली आहे. ओटीवर दिवसभर माणसांचा राबता असतो, त्यामुळे तिला बसण्याजोगी शांत जागा म्हणजे ती मागील खोलीच. तिच्या बैठका चालू असताना आवाज तुटतो, चित्र गोठते आणि शेवटी तिला लॅपटॉप घेऊन ओटीवर यावे लागते.

यावर उपाय म्हणून मी बाजारातून एक रिपीटर आणून मागील खोलीतच भिंतीवरील सॉकेटमध्ये लावला. फोनवर सिग्नलच्या सर्व रेघा दिसू लागल्या, परंतु इंटरनेटच्या वेगात काहीच फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मे महिन्यात त्या खोलीत निदान संदेश तरी येत-जात होते, पण मृगाचा पाऊस लागल्यापासून तेही कठीण झाले आहे. पावसाचा आणि घरातील वाय-फायचा खरोखर काही संबंध असतो का? अधिक शक्तीचा राउटर घ्यावा, की अन्य काही मार्ग आहे? चार-पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, मात्र आता अंदाजाने आणखी एखादी वस्तू आणून ठेवण्याची इच्छा नाही.

तारजोड

आपण घराची मांडणी आणि भिंतींची जाडी दिल्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले आहे. आपल्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो: काहीही विकत घेण्यापूर्वी दोन मोजमापे घ्यावीत, कारण दोष वाय-फायचा आहे की बाहेरून येणाऱ्या जोडणीचा, हे अद्याप ठरलेले नाही.

पहिले मोजमाप असे. लॅपटॉप राउटरला केबलने थेट जोडून वेग तपासावा. तिथे पूर्ण वेग मिळत असेल तर बाहेरची जोडणी निर्दोष आहे असे धरता येईल. त्यानंतर मागील खोलीत वाय-फायवर बसून लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्यावर पिंग द्यावे, म्हणजे एक छोटा चाचणी-संदेश पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते ते पाहावे. हा पत्ता बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. पिंगचे उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत आणि सलग येत असेल तर घरातील दुवा ठीक आहे. ते कधी १०, कधी ४०० मिलिसेकंद घेत असेल किंवा मधूनमधून येतच नसेल, तर बिघाड आपल्या भिंतींच्या आतला आहे आणि अधिक वेगाची योजना घेऊन तो दूर होणार नाही. व्हिडिओ बैठकीला फार मोठा वेग लागत नाही, तीन-चार एमबीपीएस दोन्ही दिशांनी सातत्याने मिळाले तरी ती चालते. तिला लागते ते सातत्य.

दुसरे मोजमाप सिग्नलच्या ताकदीचे. फोनवर दिसणाऱ्या रेघांवर विसंबू नये. अँड्रॉइड फोनसाठी वाय-फायची ताकद डीबीएम या एककात दाखवणारी विनामूल्य अ‍ॅप मिळतात. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल सशक्त. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ बैठक सहसा व्यवस्थित चालते आणि उणे ८० च्या पलीकडे दुवा केवळ नावापुरता उरतो. ही मोजणी लॉगॅरिदमिक असते, म्हणजे ३ ने घट झाली की शक्ती निम्मी होते आणि १० ने घट झाली की एक-दशांश उरते. त्यामुळे उणे ६० आणि उणे ८० यांच्यातील अंतर दिसते तितके लहान नाही; ते शंभरपटीचे आहे.

आता पावसाविषयी. आपले निरीक्षण अचूक आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, हे आपण घराच्या भिंतींना हात लावून पाहतच असाल. वाय-फायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, म्हणून ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक सिग्नल खाते. मुळात दीड फुटी चिऱ्याच्या दोन-तीन भिंती ओलांडायच्या, त्यातही त्या ओल्या, अशी आपली स्थिती आहे.

अधिक शक्तीचा राउटर घेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. वाय-फाय हे दुतर्फा संभाषण असते. राउटरने कितीही मोठ्या आवाजात हाक मारली तरी लॅपटॉपचे उत्तर त्याच्या कानापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि लॅपटॉप किंवा फोन यांची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमीच असते. रिपीटरच्या बाबतीत नेमके काय घडले तेही यावरून कळेल. रिपीटर स्वतः इंटरनेट निर्माण करत नाही, त्याला जे ऐकू येते तेच तो पुन्हा बोलतो. आपण तो जिथे मुळात काही ऐकू येत नाही तिथे लावला. फोनला दिसणाऱ्या पूर्ण रेघा या फोन आणि रिपीटर यांच्यातील अंतराच्या आहेत; रिपीटर आणि राउटर यांच्यातील तुटका दुवा फोनला दिसत नाही. शिवाय साधे रिपीटर एकाच चॅनेलवर (लहरींच्या ठरावीक वाटेवर) ऐकतात आणि त्याच चॅनेलवर बोलतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतही वेग निम्म्यावर येतो.

तूर्त खर्चाविना करता येण्याजोगे एवढेच: राउटर लोखंडी कपाटापासून दूर घ्यावा, शक्य असल्यास उंचावर ठेवावा, आणि वाय-फायच्या दोन लहरीपट्ट्यांपैकी दूरवर पोहोचणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक, २० मेगाहर्ट्झ रुंदीसह, निश्चित करावे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ओटीपुरता चांगला आहे, पण आपल्या भिंतींतून तो मागेपर्यंत जाणार नाही.

कातळ

आमचे घर देवगडकडे आहे आणि तेही चिऱ्याचेच. तीन वर्षांपूर्वी मी याच अडचणीतून गेलो, म्हणून अनुभवाने सांगतो की या भिंतींना वाय-फायने ओलांडण्याचा आग्रह धरण्यापेक्षा मागील खोलीपर्यंत केबल न्यावी आणि वाय-फाय तिथे नव्याने सुरू करावे. केबलच्या टोकाला बसवायच्या या उपकरणाला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण क्षमतेने काम करते आणि आपल्याला फिरवून नेली तरी २५ ते ३० मीटरच लागेल. भिंत ओली असो वा कोरडी, केबलला त्याने फरक पडत नाही.

केबल नेण्याचा मार्ग आधी नीट ठरवावा. बहुतेक जण बाहेरून, भिंतीच्या कडेने नेतात आणि मीही प्रथम तेच केले होते. ते दोन कारणांनी चुकीचे ठरले. उन्हाने केबलचे आवरण दोन वर्षांत तडकले, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी वळवाच्या एका रात्री जवळपास वीज पडली तेव्हा राउटरचे ते एक पोर्ट आणि पलीकडचे उपकरण दोन्ही निकामी झाले. उघड्यावरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत विजेचा धक्का उतरण्याचा धोका असतो, थेट वीज पडलीच पाहिजे असे नाही. आता माझी केबल घराच्या आतून, भिंतींच्या माथ्यावरून जाते. कौलारू घरात मधल्या भिंती आणि वासे यांच्यामध्ये अनेक ठिकाणी मोकळी जागा असते. आपल्याकडेही माळ्यावर चढून पाहावे. कदाचित एकही भोक पाडावे लागणार नाही.

माळ्यावर उंदीर असतातच, म्हणून केबल पीव्हीसीच्या नळीतूनच न्यावी. मी सुरुवातीला नळीचा खर्च वाचवला होता आणि चार महिन्यांत केबल कुरतडलेली निघाली. नळीची दोन्ही टोके कापसाने नव्हे तर सिमेंट किंवा पुट्टीने बुजवावीत. एखाद्या भिंतीला भोक पाडून जावेच लागले तर त्या भोकाला बाहेरच्या बाजूस थोडा उतार द्यावा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ सोडावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी गळून पडते.

केबल विकत घेताना शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल मागावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल पुष्कळ स्वस्त मिळते. ती ठिसूळ असते, वाकवताना आत तुटते आणि तुटलेली जागा बाहेरून दिसत नाही. खोक्यावर सीसीए अशी अक्षरे असतील तर ती घेऊ नये. टोके बसवणाऱ्याला आठही तारा लावायला आवर्जून सांगावे. काही जण काम लवकर उरकण्यासाठी चारच तारा जोडतात; तशा केबलवर १०० एमबीपीएसपेक्षा अधिक वेग मिळत नाही आणि पुढे दोष शोधताना त्रास होतो.

ओसरी

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु केबलचा निर्णय होण्यापूर्वी एक स्वस्त प्रयोग करून पाहावा असे मला वाटते. आपल्या घराची पुढील आणि मागील दारे एका रेषेत आहेत का? कोकणातील कित्येक जुन्या घरांत ती तशी असतात. असतील तर राउटर त्या रेषेच्या मधोमध, माजघरात, ठेवल्यास लहरींना भिंतींऐवजी दारांतून वाट मिळते. त्याचप्रमाणे माजघरावरील माळ्याची पाटणी लाकडी असेल तर तिथे ठेवलेल्या राउटरचा सिग्नल खाली बऱ्यापैकी उतरतो, कारण लाकूड चिऱ्याच्या तुलनेने फारच कमी अडथळा करते. राउटरला उभे अँटेना असतील तर एक आडवा करावा. उभ्या अँटेनाच्या लहरी मेदूवड्याच्या आकारात आजूबाजूला पसरतात, त्याच्या बरोबर वर आणि खाली त्या अतिशय क्षीण असतात.

मेश संचांची, म्हणजे घरभर ठेवून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्यांची, जाहिरात आजकाल सर्वत्र दिसते. ते चांगले असतात, पण त्यांचे दोन संच एकमेकांशी बिनतारी बोलणार असतील तर आपल्या भिंती त्यांनाही रिपीटरसारख्याच अडवतील. मेश घेतलाच तरी दोन्ही संच केबलने जोडावे लागतील, मग त्याच पैशांत साधा अ‍ॅक्सेस पॉइंट अधिक योग्य.

आणि एक विचारायचे राहिले. आपण घेतलेल्या रिपीटरला तळाशी किंवा बाजूला नेटवर्कच्या केबलची खाच आहे का?

परसदार

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. काल मुलीच्या मदतीने मोजमापे घेतली. राउटरला केबलने जोडल्यावर योजनेप्रमाणे पूर्ण १०० एमबीपीएस वेग मिळाला, म्हणजे बाहेरची जोडणी ठीक आहे. २.४ गिगाहर्ट्झवरील सिग्नल ओटीवर उणे ४३, माजघरात उणे ६२, स्वयंपाकघरात उणे ७५ आणि मागील खोलीत उणे ८६ भरला. मागील खोलीतून राउटरला दिलेल्या पिंगची दर दहा उत्तरांतील तीन-चार आलीच नाहीत.

कपाटाच्या बाजूचा राउटर काढून ओटीच्या मधल्या खांबावर सहा फूट उंचीवर बसवल्यावर माजघरातील आकडा उणे ५७ झाला आणि स्वयंपाकघरातील उणे ७०, पण मागील खोली उणे ८२ च्या पुढे आली नाही. दारे एका रेषेत आहेत, मात्र स्वयंपाकघराचे मागील दार पावसामुळे बंद ठेवावे लागते आणि मुलीची खोली त्या रेषेच्या बाजूला पडते. माळा लाकडी आहे, परंतु तो माजघरापुरताच. त्यामुळे केबल नेण्याचे ठरवले आहे.

रिपीटरला खाली केबलची एक खाच आहे. तिचा काय उपयोग होईल?

तारजोड

आपला पुढचा खर्च त्या खाचेमुळे बहुधा वाचेल. केबलची खाच असलेल्या अनेक रिपीटरांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणूनही चालवता येते. त्याच्या सेटिंगच्या पानावर किंवा बाजूच्या कळीवर एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट) असा पर्याय आहे का ते पाहावे. असल्यास केबलचे एक टोक राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेत) आणि दुसरे रिपीटरमध्ये घालावे. मग त्याला हवेतून काही ऐकावे लागणार नाही. केबलमधून आलेले इंटरनेट तो त्या खोलीत नव्याने प्रसारित करील. त्याची खाच १०० एमबीपीएसची असली तरी आपली योजना तितक्याच वेगाची असल्यामुळे अडचण नाही.

हे जमले नाही आणि एखादा जुना राउटर त्या कामासाठी वापरावा लागला, तर केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरची जोडणी घेणाऱ्या खाचेत) घालू नये, लॅन पोर्टमध्ये घालावी, आणि त्यातील डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते देण्याची सोय) बंद करून त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यावा. अन्यथा घरात दोन स्वतंत्र जाळी तयार होतात आणि मागील खोलीतील उपकरणांना पुढच्या खोलीतील प्रिंटर वगैरे सापडत नाही.

दोन्ही ठिकाणी वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा, पण चॅनेल मात्र वेगळे: पुढे १ असेल तर मागे ६ किंवा ११. काही फोन मागील खोलीत गेल्यावरही ओटीवरच्या दुर्बल सिग्नलला धरून राहतात. असे झाले तर पुढील राउटरची प्रक्षेपणशक्ती सेटिंगमधून एक पायरी कमी करावी. सिग्नल वाढवण्यासाठी शक्ती कमी करणे उलटे वाटेल, पण त्यामुळे फोन लवकर जवळच्या केंद्राकडे वळतो.

आपल्याकडे वीज जात असेल तर दोन्ही उपकरणांची सोय आताच करावी. घरात इन्व्हर्टर असल्यास दोन्ही सॉकेट त्यावर घ्यावीत. नसल्यास राउटरसाठी १२ व्होल्टचे लहान यूपीएस मिळते, मात्र घेण्यापूर्वी आपल्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत.

कातळ

वरील सूचनांत एकच भर. फायबरची मूळ तार हलवताना ती काटकोनात मोडू देऊ नये. राउटर खांबावर नेताना तार ताणली गेली असेल तर तिला मोकळा गोल वळसा द्यावा, कारण आत काचेचा धागा असतो आणि तीव्र वाकलेल्या जागी प्रकाश गळून जातो. विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावेत. आम्ही आता घरातल्या लहान मुलांनाही हे शिकवले आहे.

परसदार

पंधरा दिवसांनी लिहीत आहे. केबल माळ्यावरून आणि पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीच्या माथ्यावरून, पीव्हीसीच्या नळीतून नेली. २८ मीटर केबल लागली. एका ठिकाणीच भोक पाडावे लागले. चिरा मऊ असल्याने ते हातोडी-छिन्नीने अर्ध्या तासात झाले. केबल, नळी, टोके आणि गावातील वायरमनची मजुरी मिळून २,३५० रुपये खर्च आला. रिपीटरमध्ये एपीचा पर्याय होता, त्यामुळे नवे उपकरण घ्यावे लागले नाही.

मागील खोलीत मुलीच्या टेबलापाशी आता उणे ४८ सिग्नल आहे, पिंग तीन ते सहा मिलिसेकंदांत आणि एकही उत्तर न चुकता येते. वायरमनने पहिल्यांदा चारच तारा जोडल्या होत्या. कातळ यांनी आधीच सांगून ठेवले नसते तर ते माझ्या लक्षात आले नसते. टोके पुन्हा करून घेतली. माझा फोन मात्र तारजोड म्हणाले तसा ओटीच्या राउटरला धरून राहत होता, तो शक्ती कमी केल्यावर स्वयंपाकघर ओलांडताच वळू लागला.

परवा दिवसभर पाऊस कोसळत होता आणि भिंतींना ओल फुटली होती. मुलीची साडेतीन तासांची बैठक मागील खोलीत दार लावून झाली, आणि संध्याकाळी आईने त्याच खोलीत पलंगावर बसून अमेरिकेतील माझ्या भावाशी चित्र न गोठता पाऊण तास बोलून घेतले. आता चतुर्थीला पाहुणे येतील तेव्हा एकाच वेळी पंधरा-वीस फोन जोडले जातील. त्यांच्यासाठी ओटीवरील राउटरवर पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू करून त्याची वेगमर्यादा ठरवण्याचा विचार आहे. तसे केल्यास मुलीच्या कामाला बाधा येणार नाही ना, एवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.

ओसरी

येणार नाही, उलट तेच योग्य आहे. पाहुण्यांचे जाळे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर सुरू करावे, म्हणजे ओटीवरील नवे फोन ५ वर जातील आणि २.४ वर गर्दी होणार नाही. सर्वांना मिळून ५० एमबीपीएसची मर्यादा घालावी, आणि मुलीचा लॅपटॉप त्या दिवसांत वाय-फायऐवजी केबलने जोडता येतो का ते पाहावे. त्यासाठी मागील खोलीत एक लहान स्विच (एका केबलवर अनेक उपकरणे जोडू देणारी पेटी) लागेल. वायरमन पुन्हा येणार असेल तर तो त्याच वेळी बसवून घ्यावा.